फिल्टर धुण्याचं पाणी

शांतिसेनेच्या त्या तळावर मी दर तीन महिन्यांनी तपासणीला जायचे. सैनिक आणि यंत्रं एका देशाची, पैसा मात्र अनेक देशांनी मिळून दिलेला. म्हणून प्रत्येक यंत्र खरंच चालतं का, हे पाहायला मुख्यालयाने आमच्यासारखे तपासनीस नेमले होते. मी रसायनशास्त्र शिकलेली, त्यामुळे पाणी शुद्ध करणारं यंत्र माझ्या वाट्याला आलं.

ते चालवणाऱ्या, निवृत्तीला टेकलेल्या मेकॅनिकला सगळा तळ काका म्हणायचा.

"काका, फिल्टर धुवायला रोज सहा हजार लिटर?" मी नोंदवही पुढे केली.

"नदीचं पाणी ना, मॅडम. नुसता चिखल."

"मी आत्ता मोजलं. सोळाशे लागलं."

"आज शहाण्यासारखा वागला तो. पाहुण्यांसमोर पोरं वागतात तसा."

मला हसू आलं, पण आकडा डोक्यातून जाईना. "उरलेलं चव्वेचाळीसशे लिटर कुठे जातं?"

काकांनी फडक्याला हात पुसले. पुसून झाल्यावरही पुसत राहिले. मग मला टाकीच्या मागे घेऊन गेले. तिथून एक काळा पाइप कुंपणाखालून बाहेर, रस्त्यापलीकडच्या प्रसूतिगृहात गेला होता. दारात उभी असलेली नर्स ओरडली, "काका, आज झोपलात की काय? दोघींच्या कळा सुरू झाल्यात!"

"सोडतो, बाई, सोडतो. आमच्याकडे सासुरवाडीची मंडळी आलीयेत!" असं म्हणत काकांनी व्हॉल्व्ह फिरवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "नदीच्या पाण्यावर होते ते लोक. बाळंतिणींना ताप यायचा. दोन वर्षं झाली या पाइपाला. फिल्टर जरा जास्त घाण होतो, असं समजा ना."

मी समजू शकले असते. पण खोट्या नोंदीवर चाललेलं चांगलं काम मला फार कच्चं वाटलं. पुढचा तपासनीस आला की संपलं. त्यापेक्षा खरं लिहावं आणि रीतसर मंजुरी मागावी.

"काका, मी शिफारस करते. मग लपवायला नको."

"नका लिहू, मॅडम. तिकडे वरती कुणी वाचत नाही, तोवरच हे चालतंय."

मी लिहिलं. प्रसूतिगृहाचं अंतर, तिथल्या खाटा, यंत्राची शिल्लक क्षमता, सगळं अचूक. असा अहवाल मी पूर्वी कधी लिहिला नव्हता.

अकराव्या दिवशी उत्तर आलं. पाणी फक्त तळाच्या वापरासाठी मंजूर आहे. बाहेरचा पुरवठा बंद करून व्हॉल्व्हला सील लावावं आणि तपासनीसाने सीलचा क्रमांक कळवावा. शिफारस दुसऱ्या समितीच्या अखत्यारीत येते. तिची बैठक आठ महिन्यांनी.

मी मुख्यालयातल्या माझ्या साहेबांना फोन केला. "सर, नोंद मागे घेता येईल का? मोजण्यात माझी चूक झाली असं लिहिते."

"झाली का चूक?"

मी हातातला अहवाल टेबलावर पालथा ठेवला.

"उत्तम अहवाल आहे तुझा," ते म्हणाले. "मलाही वाईट वाटतं गं. पण कागद आता माझ्या टेबलावर नाही."

मी पुन्हा तळावर गेले. आधी नदीवर जाऊन, तळाशी तपासणीचं औषध असलेल्या छोट्या बाटलीत पाणी घेतलं. आत जंतू असतील तर ते काळं पडतं. फक्त ऊब लागते. म्हणून बाटली दिवसभर खिशात आणि मुक्कामी पांघरुणात ठेवली. सकाळी बघितली तर शाईसारखी काळी झाली होती. अहवालाच्या फॉर्ममध्ये तिच्यासाठी रकाना शोधला. कुंपणाबाहेरच्या पाण्याला रकानाच नव्हता.

काकांनी व्हॉल्व्ह बंद केला. मी तार ओवली, सील दाबलं. एकदाही बोल लावला नाही त्यांनी. उलट म्हणाले, "तार जपून, मॅडम. बोट कापेल."

रस्त्यापलीकडे नर्स रिकामा कॅन घेऊन उभी होती. पाइप हलवून पाहत होती. मी कुंपणाशी गेले.

"पाणी बंद झालंय," मी म्हटलं. "नदीचं घेतलंत तर उकळूनच घ्या. वीस मिनिटं."

तिने माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं. "चार हजार लिटर उकळू? कशावर?"

मी ओळखपत्र खिशात सरकवलं.

"बरं, सुरू कधी होणार तेवढं सांगा. आत एक आहे, तिची वेळ भरत आलीये."

"आठ महिन्यांनी बैठक आहे," मी म्हटलं.

ती थांबून राहिली, जणू माझं वाक्य अजून पुरं व्हायचं होतं. मग कॅन उचलून नदीच्या दिशेने चालू लागली.

मागून काकांनी विचारलं, "मॅडम, आजपासून नोंदवहीत फिल्टरपुढे सोळाशेच लिहू ना?"