ओल्या रंगातला धनगर

साखराबाईचा पाट त्याच सांजंला लागायचा होता, शेजारगावच्या बिजवर बिभीषणासंगं. तिचा पहिला मालक सुग्रीव दोन सालांमागं मेंढरं घिऊन परळीकडं गेला आन् पिलेगात मेला, आसा सांगावा आलता. मढं कुणी बघितलं न्हवतं. पाटाचं लुगडं घ्यायला ती धाकल्या भावासंगं, सटवासंगं, बैलगाडीनं वडवणीच्या बाजारात आलती.

चिंचेखाली ही गर्दी! हैदराबादच्या राधाकिशन चित्रकारानं तेलरंगाचं चित्तर बुंध्याला टेकवून वाळत ठिवलतं. मांजरसुंब्याचा घाट, मावळतीचा उजेड, आन् मधी बोटाएवढा एक धनगर.

"तोंडच न्हाई की बे ह्याला!" सटवा खिदळला. "भूत काढलंय व्हय?"

"ऊन पाठीमागं हाय, मियाँ," राधाकिशन चिडला. "तोंड काळंच दिसतं. माणूस उभा कसा ऱ्हातो, ते बघ!"

साखराबाईनं बघितलं आन् ती पुढं सरली. घोंगडं डाव्या खांद्यावर. उजवा खांदा मोडल्या छपरावानी कललेला. लांडग्यानं सुग्रीवाचा खांदा फाडला, तवा हळद तिनंच भरलती.

"जुनं आसंल चित्तर, आक्का," सटवा पुटपुटला. त्याचंबी हसू पार गेलतं.

साखराबाईनं बोट लावलं. बोट काळं झालं.

"ए बाई! वाळलं न्हाई आजून!" राधाकिशन वरडला. "चार दिस झालेत काढून!"

"लांडग्यानं खांदा फाडला म्हणला का त्यो?"

"हां. पन तुला कावून ठावं?"

सटवानं तिचा दंड धरला. मेलेला दाजी चार दिसांमागं घाटात उभा!

"चल आक्का! पाट मोडतो. गाडी घाटाकडं घेतो."

साखराबाई हाललीच न्हाई. तिची नजर धनगराच्या पायापाशी आडकलती.

"ह्ये पिवळं काय हाय?"

"त्याची बायको. भाकर घिऊन आलती, कडंवर पोरगं." राधाकिशनला आता हुरूप आला. "समदा उजेड तिच्यावर पडलाय बघ. ती न्हाई काढली, तर चित्तर मेलं आसतं."

साखराबाई त्या चित्तरातल्या धनगरावर एकदम कडाडली, "दोन साल कोरं कपाळ घिऊन हिंडले रे मुडद्या!"

समदा बाजार वळून बघाया लागला.

"आक्का, त्यो जिता हाय..."

"तिच्यापुरता." तिनं पदर खोचला. "गाडी घराकडं घे. पाव्हणे येतील."