फुलीआजीचं आजारपण

फुलीआजी आजारी पडली त्या आठवड्यापासून दुकान धो धो चालायला लागलं, आणि त्याच आठवड्यापासून दुकानाच्या मालकिणीच्या घशाखाली घास उतरेनासा झाला.

दुकान म्हणजे घराची मागची खोली. एका भिंतीला खणाखणांचं कपाट, त्यात क्रॉस स्टिचच्या धाग्यांच्या लड्या रंगवार लावलेल्या. खाली मॅटीच्या जाळीदार विणीच्या कापडाचे गुंडाळे, खिडकीशी टेबल, टेबलावर संगणक, कात्री आणि सुयांनी भरलेली लाल उशी. दारावर पाटी नव्हती, कारण गिऱ्हाईक दारातून येत नसे, संगणकातून येई. दातांच्या डॉक्टरकडची नोकरी सोडून तिने हे सगळं थाटलं होतं. फुल्याफुल्यांचे नमुने ती स्वतः आखायची, स्वतः भरून बघायची आणि मगच विकायला ठेवायची. तिच्या एकटीचं असं जगात काही असेल तर ती ही खोली. विक्री आटून ती बंद करायची वेळ आली तेव्हा नवऱ्याच्या डोक्यात कल्पना आली. नवऱ्याच्या डोक्यात कल्पना आली की घरातली माणसं आधीच धास्तावून बसत, पण या वेळी तिला दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून तिने त्याला करू दिलं.

कल्पना म्हणजे फुलीआजी. नवऱ्याने आपल्या आईला खिडकीत बसवलं, हातात भरतकामाची रिंग दिली, नुसत्या हातांचा फोटो काढला आणि दुकानाच्या पानावर टाकला. खाली लिहिलं, नव्वदीची आमची फुलीआजी, हे सगळे नमुने तिचे. सासूबाईंना नव्वदी गाठायला अजून पुष्कळ अवकाश होता. सगळा जन्म त्यांनी बस डेपोच्या खिडकीमागे तिकिटं देण्यात घालवलेला. तिकिटाच्या पंचाने अंगठ्यावर पडलेला व्रण फोटोत स्वच्छ दिसत होता. सुई त्यांनी कधी हातात धरली नव्हती, आणि सुनेच्या कामाला त्या भोकं मोजत बसायचा धंदा म्हणत. पण मुलगा म्हणाला हात असा धर, म्हणून त्यांनी धरला. कशासाठी, हे विचारायची त्यांना त्याच्या बाबतीत सवयच नव्हती.

ते पान तिने बघितलं. काढून टाक, असं तिने सांगितलंही. नवरा म्हणाला, आठ दिवस बघू. आठ दिवसांत इतकी मागणी आली की ती खोकी बांधत बसली आणि काढून टाकायचं पुन्हा बोलली नाही. इथे तिची बाजू घ्यावी असं कितीही वाटलं तरी घेता येत नाही. स्वतः आखलेले नमुने दुसरीच्या नावावर जाताना तिचा जीव जळत होता, आणि ते जात होते म्हणून बरंही वाटत होतं.

गिऱ्हाइकं आजीला प्रश्न विचारू लागली, आणि आजीची उत्तरं नवरा देऊ लागला. बनियनवर बसून, चहात बिस्कीट बुडवत, केसाळ बोटांनी तो टाइप करायचा, "बाळांनो, तुमच्या आजीचे डोळे भरून आले." वर तिला वाचून दाखवायचा. तिला त्या बिस्किटाचीसुद्धा शिसारी यायची. मग एक दिवस विक्री जरा मंदावली, आणि नवऱ्याने आजीला अंथरुणाला खिळवलं. छातीत पाणी झालंय, डॉक्टर काही बोलत नाहीत, असं त्याने चेहऱ्याची रेषही न हलवता लिहून टाकलं.

आता, हे काम करणाऱ्या बायकांची एक रीत आहे. आपल्यातली कोणी आजारी पडली की प्रत्येकीने तळहाताएवढा एकेक चौकोन भरून पाठवायचा आणि सगळे जोडून तिच्या अंगावर घालायला पांघरूण करायचं. कोणी सांगायला लागत नाही. टपाल यायला लागलं. कुणी झोपलेली मांजर भरली होती, कुणी वाफाळती किटली, कुणी नुसतीच चंद्रकोर. एकीची नजर अधू झालेली असावी, तिच्या फुल्या चौकटीबाहेर घरंगळल्या होत्या. त्यांच्यातल्या सगळ्याच जणी पहिल्यांदा जे करतात तेच तिनेही केलं, चौकोन उलटून पाठ बघितली. पाठी स्वच्छ होत्या, एक गाठ नाही, एक लोंबता धागा नाही. जिथे कोणी बघणार नाही तिथेही या बायकांनी जीव ओतला होता, आणि ते सगळं कुणासाठी, तर बनियनवर बसलेल्या एका बाप्यासाठी. ती न्हाणीघरात जाऊन तोंड धुऊन आली.

नवऱ्याने तोवर 'आजीसाठी चौकोन' नावाचं पाकीट विक्रीला काढलं होतं. कापड, चार लड्या आणि सुई. आजीला द्यायची भेट आजीच्याच दुकानातून घ्यायची. ते हातोहात खपलं, आणि तिने ते गुमान बांधून दिलं.

मग तो अर्धा चौकोन आला. एका मुलीने पाठवला होता. आईने फुलीआजीसाठी तुमचंच पाकीट मागवून भरायला घेतला, भरता भरता आई गेली, तिच्या हातात शेवटी हेच होतं, म्हणून आहे तसा पाठवते, असं सोबत लिहिलेलं. निळं फूल, तीन पाकळ्या झालेल्या, चौथीच्या मध्यावर सुई अडकलेली. तिने सुई काढली. विचार करून नाही. कापडात राहिलेली सुई गंजते, डाग पडतो, प्रत्येक पाकिटातल्या कागदावर ती हेच छापायची. धाग्यातून सुई सोडवून तिने सवयीने लाल उशीला टोचली. आणि मग तिला कळलं, की एक खरी बाई खोट्या बाईच्या काळजीत मेली. मेली ती काळजीने नव्हे, हे तिला समजत होतं. तरी शेवटचे दिवस त्या बाईने या घाणीवर खर्च केले होते.

"हे बघ," नवरा तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाला, "याच्यावर शेवट करता येईल."

शेवट काय, ते त्याने दुपारी जेवताना सांगितलं. रविवारी आजी जाणार. आठवण म्हणून एक खास नमुना, आणि फोटोत हा अर्धा चौकोन, त्यावर आजीचे निपचित हात. सासूबाई समोरच बसून जेवत होत्या. त्यांनी पाण्याचा घोट घेतला.

"म्हणजे रविवारी मी जाणार?" त्यांनी विचारलं.

"तू नाही गं आई. ती."

"हात तर माझे आहेत."

नवरा हसला. जेवण झाल्यावर त्याने आईला खरोखरच खिडकीत बसवलं आणि चौकोन मांडीवर ठेवला. सासूबाईंनी हात पुढे केले, सवयीने. मग सुनेकडे बघून त्यांनी हे कुणाचं म्हणून विचारलं. ती काही म्हणायच्या आत नवरा म्हणाला, असेल कुणाचं तरी. तेव्हा तिने सगळं सांगितलं, मुलीने लिहिलेलं आणि बाई गेल्याचं. सासूबाईंनी हात असे उचलले की जणू खाली चटका बसावा.

"माझ्या हातांचे जेवढे फोटो आहेत तेवढे पुसून टाक," त्या मुलाला म्हणाल्या. "आज."

"दुकान बसेल, आई."

"दुकान हिचं आहे. हिला विचार."

दोघंही तिच्याकडे बघायला लागली. एरवी ती दुकान हिचं आहे हे ऐकायला जिवाचा कान करायची, आज ते ऐकून कपाटाकडे बघवेना. लड्या रांगेत होत्या, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत. आपण गप्प राहिलो तर त्या तशाच राहतील, हे तिला नीट दिसत होतं, आणि हे आपल्याला अजून दिसतंय याचाच तिला वीट आला. ती संगणकाशी बसली आणि दुकानाच्या पानावर लिहिलं. फुलीआजी नाही, कधी नव्हती. नमुने माझे आहेत. हात माझ्या सासूबाईंचे, त्या ठणठणीत आहेत. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ज्यांना पैसे परत हवेत त्यांनी कळवावं, चौकोन सगळ्यांचे परत पाठवते.

नवरा काहीबाही बोलत खोलीभर फिरला. उत्तरं यायला लागली. पहिलीने लिहिलं, आजी बरी आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. दुसरीने आजीला गोड पापी दिली. तिला वाटलं, लोकांनी तोंडावर थुंकावं, एवढीही आपली लायकी राहिली नाही. थुंकणाऱ्याही मग आल्या, भरपूर आल्या. मागण्या रद्द होऊ लागल्या, तेव्हा कुठे तिला जरा श्वास घेता आला.

अर्धा चौकोन पाठवणाऱ्या मुलीचं उत्तर मात्र संध्याकाळ व्हायला आली तेव्हा आलं. शिवी नव्हती, प्रश्न नव्हता. "आईचं परत पाठवा. सुई काढू नका."

तिने लाल उशीकडे बघितलं. उशीवर सुयाच सुया. सगळ्या एकाच नंबरच्या, एकाच पाकिटातल्या, कारण त्या बाईनेही सुई हिच्याच दुकानातून घेतली होती.

नवऱ्याने वाचलं. "कुठलीही एक लाव," तो म्हणाला. "कोणाला कळणार आहे?"

तिचा हात उशीकडे गेलेलाच होता. चिमटीत एक सुई आलीही होती. ती सुई तशीच धरून ती उभी राहिली, आणि नवऱ्याची आली नव्हती तेवढी किळस तिला त्या चिमटीची आली. त्याने सांगायचीही गरज पडली नव्हती.

सुई तिने उशीत परत टोचली. एक रिकामं खोकं घेतलं, तळाशी निळ्या फुलाचा चौकोन ठेवला, लोंबता धागा न कापता, आणि त्यावर सुयांसकट सगळी उशी ठेवली. कागदावर लिहिलं, सुई मी काढली. यातलीच एक आहे, कुठली ते मला माहीत नाही. नवरा म्हणाला, वेड लागलंय तुला, उद्यापासून भरणार कशाने. तिने खोक्याची झाकणं दुमडली.

झाकणं बसेनात, उशी वर येत होती. सासूबाई खिडकीतून उठून आल्या. त्यांनी दोन्ही हातांनी झाकणं दाबून धरली आणि तिने वरून चिकटपट्टी लावली.