सातवा आकडा

समुद्राच्या भरतीवर जहाज सुटायला पन्नास मिनिटं उरली होती आणि ताईच्या हाती अजून काहीच लागलं नव्हतं.

ताई म्हणजे गोदीतली जहाज-तपासनीस. सगळी गोदी तिला ताईच म्हणे. पण हक्काने ताई म्हणणारा एकच, आणि तो समोरच्या तेलवाहू जहाजावर अडकला होता. तिचा धाकटा भाऊ, वेल्डर. आठ महिन्यांपूर्वी नोकरीवर चढला, त्याच दिवशी त्याचा पासपोर्ट कप्तानाच्या कपाटात गेला. तेव्हापासून घरी फोन नाही. आज सकाळी तो कठड्याशी दिसला, गालफडं बसलेली. त्याने एका हाताची पाच बोटं दाखवली, दुसऱ्याची दोन. तेवढ्यात कोणीतरी त्याला मागे ओढलं.

पाच आणि दोन! काय सांगायचं होतं पोराला?

जहाजाची भानगड अशी होती. एका बड्या राज्याच्या तेलावर बाकीच्या देशांनी बंदी घातली होती. आता राज्य म्हटलं की त्याला अब्रू असते. चोरून तेल विकताना पकडलं गेलं तर शोभेल का? म्हणून त्याने तस्करांनाच हाताशी धरलं. जहाजांची नावं बदला, झेंडे बदला, तेल पोचवा; तुमच्या जुन्या उद्योगांकडे आम्ही काणाडोळा करू. टोळीने हात काळे करायचे आणि सरकारने हात झटकायचे, असा सौदा.

हे जहाज त्यातलंच, असा ताईचा दाट संशय होता. पण कागद, झेंडा, संगणकावरची नोंद, सगळं एकमेकांशी तंतोतंत जुळत होतं. जहाज अडवलं तर खलाशांचे पासपोर्ट गोदीच्या ताब्यात येणार, भाऊ सुटणार. नाही अडवलं तर तो पुन्हा समुद्रात, किती वर्षं कोण जाणे.

"लेखी कारण दे," मोठे साहेब वॉकीटॉकीवर खेकसले. "संशयावर जहाज अडत नाही. साडेबाराला दोर सोडणार."

"ताई, कशाला उन्हात जीव आटवताय?" मागून आवाज आला. हा जहाजाचा दलाल. गोड बोलतो म्हणून गोदीत त्याला साखऱ्या म्हणत. पूर्वी फळांच्या खोक्यांतून सिगारेटी पळवायचा. आता त्याच्या खिशात त्या राज्याचा सरकारी पासपोर्ट होता आणि अंगात कोट. "भाऊ आहे ना तुमचा वर? गुणी पोरगा. समुद्रावर त्याची काळजी घ्यायला आम्हीच असतो, नाही का?"

ताईने त्याचा कोट न्याहाळला. म्हणाली, "कोट छान आहे. बाहीवरची किमतीची चिठ्ठी तेवढी काढा."

साखऱ्या बाही चाचपत राहिला, तोवर ती तरातरा जहाजाच्या मागच्या टोकाशी पोचली. तिथे पोलादावर, नावाखाली, जहाजाचा क्रमांक वेल्डिंगने उठवलेला होता. नाव बदलतं, मालक बदलतो, क्रमांक जन्मभर तोच. दोन, चार, आठ, एक, पाच, शून्य, दोन.

सात आकडे. पाच आणि दोन, सात! म्हणजे सातवा आकडा बघ!

ताई धक्क्यावरच बसली. खिशातून खडू काढला. या क्रमांकात एक गंमत असते. पहिल्या आकड्याला सातने गुणायचं, दुसऱ्याला सहाने, असं उतरत उतरत सहाव्याला दोनने. सगळ्यांची बेरीज करायची. बेरजेतला शेवटचा आकडा तोच क्रमांकाचा सातवा. संगणक आल्यापासून हा हिशेब हाताने कोणी करत नसे.

चौदा. चोवीस. आठ पंचे चाळीस. चार. पंधरा. शून्य.

"सत्त्याण्णव!" ती ओरडली. शेवटी सात यायला हवा, आणि जहाजावर तर दोन!

कुठला आकडा खोटा? ती टक लावून पाहू लागली. इंग्रजी तीनला डावीकडून दोन वळणं जोडली की आठ होतो. तिने आठ पुसून तीन लिहिला. चाळीसच्या जागी पंधरा. बेरीज बहात्तर. शेवटी दोन!

"शिडी आणा! आणि तारेचा ब्रश!" दोन हमाल शिडी घेऊन धावले. ब्रशखाली रंगाचे पापुद्रे उडाले. आठच्या उजव्या अंगाचं वेल्डिंग जुनं, गंजलेलं; डावं अंग नवंकोरं, चकचकीत. बंदीच्या यादीत तीनवाला क्रमांक पहिल्याच पानावर सापडला.

"साहेब, कारण मिळालं! लेखी, खडूने लिहिलंय, बघायला या!"

साखऱ्या गाडीकडे पळाला. भोंगा वाजला. सुटत आलेले दोर पुन्हा आवळले गेले.

तासाभराने भाऊ शिडीवरून उतरला. ताईने आधी त्याचा कान पिरगाळला, मग त्याला घट्ट मिठी मारली.

"ते वेल्डिंग तुझंच ना रे?"

"माझंच. कप्तान म्हणाला, कुठलाही एक आकडा बदल, पटकन. मी विचारलं, हिशेब चुकला तर?" तो रडता रडता हसला. "म्हणाला, हिशेब कोण करतंय! मी गप्प बसलो, ताई. मनात म्हटलं, आमच्या घरी करतात."