सांगकुंगांचा उंबरठा

सांगकुंगांच्या जठरातील कर्करोग यकृतापर्यंत पोहोचला होता. ऐझॉलच्या इस्पितळात त्यांना शिरेतून एक औषध व सोबत गोळ्या, अशी दुहेरी केमो सुरू झाली होती. यकृतातील गाठी किंचित आक्रसल्या होत्या. परंतु पांढऱ्या पेशी घटल्याने तिसरा डोस एकदा पुढे ढकलला गेला होता. "आता ताप येता कामा नये. माणसं लांब ठेवा," डॉक्टरांनी कन्या झोथानपुईस बजावले होते.

माणसे लांब ठेवायची! ज्या वस्तीत आजाऱ्याच्या घरी न जाणे हेच महापाप, तिथे! रोज सायंकाळी डिसेंबरच्या थंडीतून मंडळी येत, रांगेने हस्तांदोलन करीत. शिरेतून घेतलेल्या औषधामुळे गारठ्याचा नुसता स्पर्शही सांगकुंगांच्या बोटांत काट्यांसारखा शिरे. तरी ते हसत हात पुढे करीत. ते हास्य पाहून झोथानपुईच्या अंतःकरणात वणवा पेटे.

त्या दिवशी चर्चचे ज्येष्ठ, ज्यांना सारे 'उपा' म्हणत, ते लियानझुआला खोकत आले आणि ज्यात खोकले तोच हात त्यांनी पुढे केला. झोथानपुईने सांगकुंगांचा हात मागे ओढला.

"उपा, बाहेर व्हा. सगळेच व्हा!"

"अगं पोरी, आम्ही प्रार्थनेला आलोय."

"देवाला रस्त्यावरूनही ऐकू येतं. तो काही बहिरा नाही!"

दार धाडकन लागले. सांगकुंगा संतापले. "नाक कापलंस माझं! उद्या माझी कबर कोण खणणार? वस्तीतली हीच पोरं खणतात ना?"

"म्हणजे कबर खणायला माणसं हवीत म्हणून आत्ताच मरायचं? वा बाबा! मग मीच खणते, फावडं आहे घरात!"

त्यानंतर पित्याने कन्येशी अबोला धरला. दार मात्र तिने उघडले नाही. मंडळी वरच्या रस्त्यावर उभी राहून गात, आणि ती आत दात-ओठ खात भांडी आपटी.

तिसऱ्या डोसच्या दिवशी टॅक्सीतही सांगकुंगा खिडकीकडे तोंड करून बसले. रक्ताचा अहवाल चांगला आला. परिचारिकेने सुई टोचली, औषध थेंबथेंब उतरू लागले.

"बोलू नका हवं तर," झोथानपुई फणकारली, "पण हाताची आग झाली तर सांगा."



"पाणी दे," ते गुरगुरले. "कोमट. गार दिलंस तर बघ."

ती गुरगुरतच उठली.