बिनदाराच्या घरातला मुका काँप्युटर

भागवतरावांचं घर शनिशिंगणापुरातलं, म्हणजे चौकट आहे, दार नाही. पडदा सारला की जो तो आत. आणि आत आलेल्याला कोपऱ्यातला जुनाट काँप्युटर दिसला की राहवत नसे. अलीकडे त्याचा आवाज गेला होता. मग काय, फुकटचे वैद्य फार! पूजेचं सामान विकणाऱ्या कल्याणने पेनड्राइव्हमधून साऊंड कार्डचा एक ड्रायव्हर, म्हणजे आवाज चालवणारा प्रोग्रॅम, टाकला, हारवाल्याच्या मेहुण्याने दुसरा, दर्शनाला आलेल्या केडगावच्या पाहुण्याने तिसरा. दर वेळी स्क्रीनवर नवी चूक दिसे. शेवटी छगनराव तेलवाल्यांनी आतल्या कुरकुरणाऱ्या पंख्याला तेल पाजलं. होता तो एकुलता एक आवाजही गेला.

एरवी भागवतराव हसले असते. पण आज तीन वाजता त्यांच्या लेकीची, अश्विनीची, मुलाखत होती. पुण्याची कंपनी, आणि कंपनीला मुलाखतीसाठी मोबाईल चालत नव्हता, काँप्युटरच हवा होता. पोर या नोकरीसाठी जिवापाड झटली होती.

"आप्पा, हे सगळे ड्रायव्हर काढून टाकते, मूळचा एकच ठेवते," अश्विनी म्हणाली. ती काढायला गेली, तर काँप्युटर म्हणतो, आधी पासवर्ड द्या.

भागवतराव ताडकन उठले. "म्हंजी कुलूप? आपल्या घरात?"

कपाटाला कडी नाही, धान्याच्या कोठीला कडी नाही, आणि काँप्युटरला कुलूप! घटकाभरात बातमी गल्लीभर झाली आणि सगळी गल्ली घरात आली. कल्याणने देवाची शपथ घेतली. हारवाल्याच्या मेहुण्याने आईची घेतली. छगनराव म्हणाले, "म्या फकस्त तेल घातलं," आणि कुणी सांगितलं नसताना पुन्हा बाटली काढली. एकाचं म्हणणं पडलं, काँप्युटर गावाच्या शिवेबाहेर नेऊन कुलूप उघडावं, म्हणजे गावाला शनिदेवाचा दोष नको. दोघांनी तो उचललाही, वायरींसकट.

"खाली ठेवा! तीन वाजत आलेत!" अश्विनी ओरडली आणि रडायलाच लागली.

तेव्हा इतका वेळ ओट्यापाशी उभी असलेली तिची आई, लंकाबाई, बोलली. "मीच लावलं."

काँप्युटर उचललेल्या दोघांनी तो हळूच खाली टेकवला.

"केडगावच्या पावन्याला म्हनलं, ह्याला कुनी हात लावू नये असं कायतरी करा. त्यानं आकडे इचारले, मी हिचं जल्मसाल सांगितलं." तिने पदराने डोळे पुसले. "आजवर ह्या घरात काय बी कोंडलं न्हाई मी. पन ही पुन्याला गेली तर..."

भागवतराव बायकोवर खेकसायला पुढे झाले, पण खेकसण्याऐवजी वाकून वायरी जोडू लागले. पोर जायला त्यांनाही नकोच होती. कबूल करायची हिंमत तेवढी नव्हती.

अश्विनीने आकडे टाकले. एकेक ड्रायव्हर निघाला, काँप्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला. तीनच्या ठोक्याला स्पीकर खरखरला आणि पुण्याच्या मॅडमचा आवाज घरभर घुमला. "नमस्कार अश्विनी. आधी एक सांगा, घर सोडून पुण्यात राहायची तयारी आहे ना?"

अश्विनीने आईकडे पाहिलं.

लंकाबाई पुढे आली. माईक कुठला ते तिला कळेना, म्हणून सरळ काँप्युटरच्या डब्याला तोंड लावून ती मोठ्याने म्हणाली, "व्हय बाई. पोरगी तयार हाय. मला बी जमंल."