अव्वाची मांडी

अव्वाचा गुडघा बदलायचा होता आणि अव्वा ऐकत नव्हती. लातूरच्या मेडिकल कॉलेजात मी पोरांना सांधे शिकवतो, आणि माझ्याच आईच्या सांध्यापुढे माझं काही चालेना. रविवारी निलंग्याला यायचं, समजवायचं, चिडायचं आणि परत जायचं. ती आता भिंत धरूनच परसात जायची. असंच चाललं तर अंथरुणाला खिळणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

त्या रविवारी मी आवाज चढवला तेव्हा ती खरं बोलली. "आरं राजशेखर, वीरभद्रअप्पाचं काय झालं, इसरलास का?"

वीरभद्रअप्पा आमच्या भावकीतले. अपघातानंतर त्यांच्या पायात सळई होती, गुडघा ताठ. आम्हा लिंगायतांत माणूस गेलं की त्याला मांडी घालून बसवतात, जन्मभर गळ्यात असलेलं इष्टलिंग हातात देतात आणि बसलेलंच पुरतात. अप्पांचा पाय काही वाकेना. शेवटी खड्डाच पुढे वाढवावा लागला, आणि गावभर कुजबूज झाली.

"लोखंडाचा गुडघा घालून मला कसं बसवणार तुमी? म्या पाय पसरून जाऊ व्हय शिवापाशी?"

मला हसू येणार होतं, पण तिचे डोळे भरले होते. मी माळ्यावर चढलो आणि शिकतानाची हाडांची पेटी खाली काढली.

"कुणाचं हाय हे?"

"माहीत नाही, अव्वा."

तिने आधी कवटीला विभूती लावली, मगच हात लावू दिला. मी कवटीवरची नागमोडी शिवण दाखवली. "हा पण सांधाच. हा हलत नाही."

तिने त्यावर बोट फिरवलं. "हितंच तुझी टाळू उघडी व्हती. लई तेल जिरवलंय म्या."

मग कमरेची दोन हाडं पुढून जुळवून धरली. "हा जरासाच हलतो. बाळंतपणात तेवढ्यापुरता सैल होतो."

"माझाबी झाला आसंल?"

"झाला. म्हणून तर मी बाहेर आलो."

ती त्या फटीकडे बघतच राहिली. "त्याला कुनी सांगितलं, आता सैल हो म्हणून?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं, दरवर्षी वर्गात देतो तेच. ते मला देववेना. इतकी वर्षं हे शिकवून मी एकदाही थक्क झालो नव्हतो, याचीच लाज वाटली.

राहिले मोकळे हलणारे सांधे. गुडघा बिजागरीसारखा, खुबा उखळीतल्या गोळ्यासारखा. तिला दाखवायला म्हणून मी मांडीचं हाड खुब्यात बसवून फिरवलं, आणि स्वतःही मांडी घालून बसलो. तेव्हा मला दिसलं. गुडघा नुसता दुमडतो. मांडी बाहेर उघडते ती खुब्यातून.

"अव्वा, मांडी खुब्यानं बसते. नवा गुडघा दुमडतो, त्यात सळई नसते. सैल का होईना, मांडी बसेल. तुझा खुबा बघू दे."

ती बाजेवर आडवी झाली. एक हात गुडघ्याखाली, एक टाचेला धरून मी तिचा पाय हळूच उचलला आणि बाहेर वळवला. कुठं अडलं नाही. म्हातारीचा सगळा जन्म रोज पूजेला बसण्यात गेला होता, आणि खुबा अजून लोण्यासारखा फिरत होता. दुसरा पायही वळवला, टाचा पुढे जुळवल्या. तिने डोळे मिटून छातीवरचं लिंग मुठीत धरलं होतं.

मग माझे हात काय करतायत ते मला कळलं. मी थांबलो.

"थांबलास का?" तिने डोळे उघडले नाहीत. "आसंच बसव. बराबर हाय."

मला रडू आवरेना. तिने माझ्या मनगटावर थोपटलं.

"आता त्या डागदरला फोन लाव," ती म्हणाली. "तवर चालायचं हाय मला."