गडाचा रस्ता झुंबरबाईच्या अंगणातून

फोनमधल्या नकाशाने चुकून गडाचा रस्ता झुंबरबाईच्या अंगणात आणून सोडला, आणि त्या चुकीने दोन वर्षांत तिच्या घरामागे स्लॅबची खोली उभी केली.

खरा रस्ता भाजे गावाच्या वरच्या अंगाला, मारुतीच्या देवळापासून डावीकडे फुटतो आणि ठाकरवाडीतून थेट गडाच्या पायथ्याला जातो. पण पुण्या-मुंबईच्या गाड्या फोनचं ऐकून उजवीकडे वळायच्या आणि झुंबरबाईच्या गोठ्याला येऊन भिडायच्या. पहिल्या-पहिल्यांदा तिने शिव्या घातल्या. मग तिच्या ध्यानात आलं, की माणसं भुकेली आहेत, पाकिटं फुगलेली आहेत, आणि मागच्या बांधावरून एक पायवाट गडावर जाते, खडी का असेना. कोमलने, तिच्या सुनेने, पत्र्यावर लिहिलं : पार्किंग पन्नास रुपये. पिठलं-भाकरीचे वेगळे. चार पिढ्या भात लावून जे झालं नाही ते ह्या नेटने केलं, असं झुंबरबाई कामशेतच्या बाजारात दुकानदारांना थांबवून ऐकवायची. गरिबाला वर काढणारी वस्तू आहे ती, फक्त डोकं पाहिजे.

डोकं तिला होतं. वाडीतल्या उमेशने नकाशातला रस्ता दुरुस्त करा म्हणून फोनवरून चारदा कळवलं, तेव्हा फोन गावातल्या लोकांना विचारू लागला, हा रस्ता बरोबर आहे का? झुंबरबाईने त्याची पार ग्रामपंचायतीची निवडणूक करून टाकली. भावकीतले एकोणीस फोन गोळा केले, कोंबडीचं जेवण घातलं आणि सगळ्यांना 'बरोबर'वर बोट दाबायला लावलं. वाडीत फोन तीन, आणि रेंज घ्यायला त्यांना खडकावर चढावं लागतं. उमेश चारही वेळा पडला. पायथ्याला त्याने मांडलेली चहा-भज्यांची टपरी माश्या मारत बसली.

त्या रविवारी कोमल देवळाकडून घाईघाईने आली. उमेशची आई सावित्राबाई चौथऱ्यावर बसली होती आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करून डावीकडे जा म्हणून सांगत होती.

लोकांनी ऐकलं तर अंगण ओस. खोलीचा गिलावा अजून व्हायचा होता. झुंबरबाई तशीच उठली आणि देवळाजवळच्या कुंपणाआड उभी राहून बघू लागली.

एक गाडी आली. सावित्राबाईने हात केला. काच बोटभर खाली आली, परत वर गेली आणि गाडी उजवीकडे वळली. दुसरीतल्या पोरी फिदीफिदी हसल्या. तिसरीने तर काचसुद्धा उघडली नाही. आठ गाड्या झाल्या, एकही डावीकडे गेली नाही. ज्या म्हातारीच्या दारातून रस्ता जातो, तिच्यापेक्षा फोनला जास्त कळतं म्हणे.

झुंबरबाईला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण ती काच वर जाताना बघून तिने मान फिरवली. ह्याच सावित्राबाईने तीस वर्षं तिच्याबरोबर सावड केली होती. एक दिवस हिच्या खाचरात लावणी, एक दिवस तिच्या. सावित्राबाई येते म्हणाली आणि आली नाही, असं एकदाही झालं नव्हतं.

ती घरी येऊन चुलीपाशी बसते न बसते तोच सावित्राबाई अंगणात येऊन उभी राहिली. अकरा गाड्या लागलेल्या. बस म्हटलं तरी बसली नाही.

पांढऱ्या गाडीतल्या माणसाने तिला ओळखलं. हातातली भाकरी ताटात टाकून तो उठला.

"काकू, हीच ती बाई. देवळापाशी बसून लोकांना चुकवते. वाडीत नेऊन लुटायचं, धंदा आहे यांचा. तुम्हीच सांगा, गडाचा रस्ता हाच ना?"

सगळी ताटं थांबली. कोमलचा हात परातीतच राहिला. सावित्राबाईने त्या माणसाकडे बघितलंसुद्धा नाही.

"सांग, झुंबरबाय," ती म्हणाली. "तुज्या तोंडानं सांग. मी चोर हाय का?"

बोटाने खोटं बोलणं सोपं होतं. एकोणीस बोटांत आपलं कुठलं, ते देवालाही निवडता आलं नसतं. तोंड मात्र एकच होतं. खरं बोलावं तर पुढच्या रविवारी अंगणात कोंबड्या फिरणार. गप्प बसावं तर हा माणूस सावित्राबाईला चोर म्हणून मोकळा होणार, तेही झुंबरबाईच्या दारात, तिच्या हातची भाकरी खाऊन.

चहा उतू गेला. कुणी उठलं नाही.

"ती खरं बोलती," झुंबरबाई म्हणाली. "रस्ता डावीकडूनच हाय. गाडी पार पायथ्याला जाती. फोन खोटा हाय."

माणूस हसला. "अहो काकू, गावातल्याच लोकांनी बरोबर म्हणून कळवलंय इथं." त्याने फोनचा पडदा तिच्यापुढे धरला, पाचशेची नोट ताटाखाली ठेवली आणि पोरंबाळं घेऊन बांधावरून वर निघाला. त्याच्या मागोमाग बाकीचेही निघाले.

झुंबरबाईच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. जिच्या तोंडाला सगळं गाव भ्यायचं, तिचा शब्द तिच्याच अंगणात कुणी मानला नव्हता.

"घे," सावित्राबाई म्हणाली. "आता आपुन दोघीबी खोट्या."

झुंबरबाई पडवीत गेली आणि तिने बाजेला हात घातला. "कोमल, पायताकडनं धर."

दोघींनी ओढत नेऊन बाज वाटेच्या तोंडाला आडवी टाकली. गेलेल्यांना परत येताना सरकवून देऊ, पण नवीन चाक आत यायला नको. कोमल रडवेली झाली होती. पुढच्या रविवारी काय करायचं, तिने हळूच विचारलं.

"भाकऱ्या थापायच्या. टपरीत आपल्याला चूल मांडू देत्याल का, त्ये हिला इचार."

"तिला गरज हाय तर तिनं इचारावं," सावित्राबाई म्हणाली.

"सावित्रे, लय ताठू नगंस."

"तुज्याकडनंच शिकले."

खाली वळणावर हॉर्न वाजला. झुंबरबाई बाजेवर मांडी घालून बसली. गाडी आली आणि बाजेपासून हातभर अंतरावर थांबली. पुन्हा हॉर्न. आतल्याने फोन उंच धरून तिला दाखवला. तिने देवळाकडे हात केला. तो हॉर्नवरचा तळवा काढीना. झुंबरबाई हात खाली घेईना.